कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात

लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये काचेच्या बरण्यांच्या रांगाच रांगा आहेत. त्यातल्या एका बरणीत कोंबड्याचं डोकं आहे. तुऱ्याचा लालभडक रंग कधीच उडालाय, आणि त्या तुऱ्यात चक्क माणसाचा दात रुतलेला दिसतो. कोंबडा जिवंत असताना तो दात तिथे बसवला गेला आणि तुऱ्याच्या मांसाने त्याला धरून ठेवलं. या गोष्टीला जवळपास अडीचशे वर्षं झाली. हा उद्योग करणारा सर्जन म्हणजे जॉन हंटर. आपल्याकडे हंटर म्हटलं की चाबूक आठवतो. स्वभावाच्या बाबतीत तेही काही अगदीच चुकीचं नाही.

आता कोंबड्याशी आपला काय संबंध? तर असा, की आज घरातलं कुणी ना कुणी दाताचं इम्प्लांट बसवून घेतलेलं असतं, नाहीतर त्याचा खर्च ऐकून क्लिनिकमधून परत आलेलं असतं. इम्प्लांटच्या आधी सहीसाठी जो कागद समोर येतो त्यात एक गोष्ट असतेच, ती म्हणजे जंतुसंसर्ग होऊ शकतो. आपण वाचतो न वाचतो आणि सही ठोकतो. हंटरच्या काळात असा कागद नव्हता, कारण जंतूमुळे रोग होतो हेच कुणाला माहीत नव्हतं. पण गेलेल्या दाताच्या जागी दुसरा दात रुजवायचा, ही कल्पना त्याच्याइतक्या गंभीरपणे आणि त्याच्याइतकी वजनदार पुस्तकं लिहून दुसऱ्या कुणी मांडली नव्हती. आणि तिची किंमत इतरांनी मोजली.

हंटर जन्मला १७२८ च्या फेब्रुवारीत, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या लाँग कॅल्डरवूड नावाच्या शेतवाडीवर. दहा भावंडांत शेंडेफळ. शाळेत मन अजिबात नाही. हा पोरगा वर्गातून गायब व्हायचा आणि सापडायचा कुठे, तर मुंग्यांच्या वारुळाशी नाहीतर डबक्यातल्या बेडकांच्या पिल्लांशी. ढग कसे होतात, पानांचा रंग का बदलतो असले प्रश्न विचारून मोठ्यांना भंडावून सोडायचा. तेराव्या वर्षी वडील गेले. शिक्षण तिथेच संपल्यात जमा. पुढची काही वर्षं शेतात गेली.

त्याचा दहा वर्षांनी मोठा भाऊ विल्यम तोवर लंडनमध्ये नावारूपाला आला होता. विल्यम म्हणजे गुळगुळीत बोलणारा, नीटनेटका, मोठ्या घरांत उठबस असलेला डॉक्टर. कॉव्हेंट गार्डनमध्ये तो शरीररचनेचे वर्ग चालवायचा. १७४८ मध्ये, विशीतला जॉन त्याच्याकडे मदतनीस म्हणून गेला आणि सुरी हातात आल्यावर कळलं की या पोराच्या बोटांत जादू आहे. पुढची अकरा-बारा वर्षं त्याने दर हिवाळ्यात प्रेतं कापली. हिवाळ्यात अशासाठी, की उन्हाळ्यात ती टिकायची नाहीत. प्रेतं यायची कुठून, हे विचारू नये असा तो काळ. रात्री ताज्या थडग्यांतून उकरून आणलेली प्रेतं मागच्या दाराने आत यायची, आणि त्या लोकांशी सौदा करण्याचं काम जॉनकडे होतं. विल्यमचा पांढरा कॉलर स्वच्छ राहिला तो असा. मध्ये एकदा विल्यमने धाकट्याला जरा सुसंस्कृत करावं म्हणून ऑक्सफर्डला पाठवलं. लॅटिन आणि ग्रीकची घोकंपट्टी बघून पठ्ठ्या थोड्याच दिवसांत परत आला.

१७६० मध्ये तो लष्करात सर्जन झाला. पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं बेल-ईल हे बेट घेतलं त्या मोहिमेत तो होता. इथे थोडं थांबू या, कारण हंटरच्या आयुष्यातला हा फार मोलाचा भाग आहे. गोळी लागलेल्या जखमेचं तेव्हा काय करायचे? तर ती सुरीने आणखी रुंद करायची, आत बोटं घालून गोळी, कापडाच्या चिंध्या, हाडाचे तुकडे शोधायचे. हात धुतलेले नसायचे, अवजारंही एका सैनिकावरून पुसून दुसऱ्यावर. बेल-ईलवर काही जखमी फ्रेंच सैनिक एका ओस पडलेल्या घरात लपून राहिले होते. त्यांच्या जखमांना बरेच दिवस कुणी हातच लावला नाही. आणि ते सैनिक डॉक्टरांच्या तावडीत सापडलेल्यांपेक्षा चांगले बरे झालेले हंटरला दिसले. दुसऱ्या एखाद्याने नशीब म्हणून सोडून दिलं असतं. याने त्यावरून आपली पद्धतच बदलली. गरज नसेल तर जखम उघडायची नाही, शरीराला स्वतःचं काम करू द्यायचं. जखम चिघळते ती सर्जनच्या बोटांवरून आत गेलेल्या जंतूंमुळे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी निरीक्षणाच्या जोरावर तो बरोबर दारापर्यंत पोहोचला होता. दार मात्र उघडलं नाही.

युद्ध संपलं. १७६३ मध्ये तो लंडनला परतला तेव्हा हातात अर्धा पगार होता आणि भावाच्या वर्गातली जागा दुसऱ्याला गेलेली. पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं. तो जेम्स स्पेन्स नावाच्या दंतवैद्याबरोबर काम करायला लागला. आजच्या हिशेबाने हे काही वावगं वाटणार नाही, पण त्या काळी दात उपटणं हे न्हावी, लोहार आणि जत्रेतल्या खेळवाल्यांचं काम होतं. शिकलेला सर्जन तिकडे फिरकत नसे. हंटरला असल्या मानपानाचं काहीच नव्हतं. चार-पाच वर्षं त्याने लोकांच्या तोंडात डोकावून पाहिलं, जबडे कापून पाहिले, बाळाचे दात कसे फुटतात, पडतात, पुन्हा येतात ते क्रमाने मांडलं. त्यातून १७७१ मध्ये माणसाच्या दातांच्या रचनेवरचं आणि १७७८ मध्ये त्यांच्या रोगांवरचं अशी दोन पुस्तकं आली. इंग्रजीत पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा यांना जी शास्त्रीय नावं आज डेंटलची पोरं पाठ करतात, ती रुळवण्यात या पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

धंदा तेजीत होता, कारण लंडनच्या श्रीमंतांचे दात किडत होते. वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून गुलामांच्या घामाची साखर येत होती, चहात आणि मिठाईत ओतली जात होती. आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. लंडनने या कोड्याचं उत्तर बाजारात शोधलं. ज्यांच्याकडे चणे होते त्यांनी ज्यांच्याकडे दात होते त्यांचे दात विकत घेतले.

माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवायची कल्पना हंटरची नव्हे. दोनशे वर्षं आधी फ्रेंच सर्जन आंब्रवाझ पारे याने तसं ऐकल्याचं लिहिलंय. पण हंटरने तिला शास्त्राचा आधार दिला. त्याची ठाम समजूत अशी, की शरीराच्या प्रत्येक भागात एक प्राणशक्ती असते, आणि जिवंत भाग दुसऱ्या जिवंत भागाला टेकवला की दोघांचं जुळू शकतं. हे तपासायला त्याने कोंबड्याच्या पायाची नखी कापून तुऱ्यात लावली. ती जगली. मग माणसाचा ताजा उपटलेला दात तुऱ्यात खोचला. बऱ्याच प्रयत्नांत एखादाच जमला, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. पण जो जमला त्याच्या आत कोंबड्याच्या रक्तवाहिन्या शिरलेल्या त्याला दिसल्या, आणि त्याला हवा तो पुरावा मिळाला. बरणीतलं डोकं ते हेच.

मग प्रत्यक्ष कृती. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. दात देणारा तरुण असावा, कारण त्याचे दात निरोगी असतात. शक्यतो मुलीचा दात घ्यावा, तो लहान असतो, खाचेत बसायला सोपा. दात देणारे एकाहून जास्त जण हजर ठेवावेत, म्हणजे पहिल्याचा दात बसला नाही तर लगेच दुसऱ्याचा उपटता येतो. दात गरम असतानाच, क्षणाचाही वेळ न घालवता दुसऱ्याच्या हिरडीत घालावा आणि शेजारच्या दातांना रेशमी दोऱ्याने बांधून टाकावा. सगळं तपशीलवार, नीट, एखाद्या चांगल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं. फक्त पहिल्या पोरीचा न बसलेला दात, त्याचं काय, हा प्रश्न कुठे नाही. तिला पैसे मिळाले की तिचा विषय संपला.

चित्रकार थॉमस रोलंडसनने १७८७ मध्ये या धंद्यावर एक व्यंगचित्र काढलं. खुर्चीत धुरांडी साफ करणारा काळाकुट्ट पोरगा बसलाय, डेंटिस्ट त्याचा दात उपटतोय आणि शेजारी एक नटलेली बाई त्या दाताची वाट बघत बसली आहे. दारातून दोन फाटक्या कपड्यांतली मुलं बाहेर पडताहेत, एक हात गालावर आणि नजर हातातल्या नाण्यावर. जिवंत दातांना सगळ्यात जास्त भाव मिळेल अशी पाटीही दाखवली आहे. हे वेड समुद्रापलीकडेही गेलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या हिशेबाच्या वहीत १७८४ ची नोंद आहे, माउंट व्हर्ननवरच्या गुलाम माणसांकडून नऊ दात घेतल्याबद्दल दिलेल्या पैशांची. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष व्हायला त्याला अजून पाच वर्षं होती.

आणि मग लोक आजारी पडायला लागले.

सुरुवातीला सगळं ठीक असायचं. दात बसायचा, बाईसाहेब आरशात हसून बघायच्या. काही आठवड्यांनी हिरडीला व्रण पडायचा. तो भरत नसे, पसरत जायचा. कधी घशात फोड, कधी अंगावर चट्टे, आणि वाईट झालं तर जबड्याचं हाडच कुजायचं. विल्यम वॉटसन या लंडनच्या डॉक्टरने १७८५ मध्ये अशीच एक हकिगत छापली. एका तरुणीने पुढचा दात बसवून घेतला होता. तिचं तोंड सडत गेलं आणि ती दगावली. एका दातासाठी! इतरही डॉक्टर अशा केसेस मांडायला लागले. कुजबुज एकच होती, ही गरमी आहे, म्हणजे उपदंश, सिफिलिस. दात देणाऱ्याच्या तोंडातून दातासोबत रोगही आला.

हंटरने पुढच्याच वर्षी, १७८६ मध्ये, गुप्तरोगांवर एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात या आरोपाला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं, ही गरमी नव्हेच. दात देणारे तपासले तर धडधाकट दिसतात, आणि या व्रणांची चाल नेहमीच्या गरमीसारखी नाही. त्याचा युक्तिवाद वाचला तर तो मूर्खपणाचा नाही. कदाचित काही केसेसमध्ये तो बरोबरही असेल. आपल्या सगळ्यांच्या तोंडात शेकडो प्रकारचे जीवाणू असतात, आणि उघड्या जखमेत परक्या तोंडातला दात खोचला तर जबडा कुजायला गरमीच हवी असं नाही. पण गरमी झालेला माणूस मधली कित्येक वर्षं वरवर ठणठणीत दिसू शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे दात देणारा धडधाकट दिसतो, या त्याच्या मुख्य पुराव्याला काही अर्थच उरत नाही. आणि मला खटकतं ते वेगळंच. रोगाचं नाव काय या वादात तो इतका रमला की दातानंतर रोग झाला ही साधी गोष्ट बाजूला पडली. बेल-ईलवर नुसत्या बघण्यातून शहाणा झालेला हाच माणूस. पण तिथे चूक इतर सर्जनांची होती, इथे पद्धत त्याची स्वतःची होती.

त्याच पुस्तकात आणखी एक मोठी चूक आहे. परमा, म्हणजे गनोरिया, आणि गरमी हे दोन्ही एकाच विषाचे परिणाम आहेत असं तो मानायचा. ते सिद्ध करायला १७६७ मध्ये परम्याच्या रोग्याचा पू सुरीच्या टोकावर घेऊन एका माणसाला टोचला गेला. तो माणूस खुद्द हंटरच होता असं बरेच दिवस सांगितलं जायचं, पण त्यावर इतिहासकारांचं एकमत नाही. टोचलेल्याला परमाही झाला आणि गरमीही. हंटरला वाटलं, सिद्ध झालं. खरं म्हणजे ज्याचा पू घेतला त्याला दोन्ही रोग एकदम असणार. त्याच्या नावाच्या दबदब्यामुळे हा घोळ पुढची पन्नास वर्षं टिकला. १८३८ मध्ये फिलिप रिकॉर या पॅरिसच्या डॉक्टरने तो निस्तरला.

आता एक गंमत सांगतो. हंटरच्या दातांच्या पुस्तकात किडून ठणकणाऱ्या दातावर एक उपाय दिलाय. दात उपटावा, पाण्यात चांगला उकळावा आणि परत त्याच खाचेत बसवावा. उकळायचा अशासाठी, की तो स्वच्छ व्हावा आणि त्यातला उरलासुरला जीव जावा, म्हणजे पुन्हा दुखणार नाही. म्हणजे बघा, माणसाचा स्वतःचा दात तो उकळून घ्यायला सांगत होता आणि परक्याचा दात मात्र गरम रक्तासकट तसाच. कारण परक्याचा दात रुजायचा तर त्यातली प्राणशक्ती शाबूत हवी, उकळला की ती गेली. उकळण्याने काही बायकांचे जबडे वाचले असते. त्याच्या सिद्धांतात नेमकी तीच गोष्ट बसत नव्हती.

जंतू तेव्हा कुणी पाहिले नव्हते का? पाहिले होते की! हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला होता. त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहून त्याने त्याची चित्रं काढून पत्र पाठवलं, तेही लंडनच्या रॉयल सोसायटीला. हंटर १७६७ मध्ये त्याच रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पत्र दप्तरात होतं, पण त्या वळवळणाऱ्या जीवांचा आणि रोगाचा संबंध जोडायला शंभराहून जास्त वर्षं अजून जायची होती. लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा धुण्याचा उपाय १८६७ मध्ये छापला. गरमीचा जंतू तर १९०५ मध्ये सापडला.

दातांची ही अदलाबदल मात्र त्याच्या खूप आधी, अठरावं शतक संपता संपता बंद पडत गेली. लोक घाबरले हे एक कारण. दुसरं, बसवलेले दात फार टिकत नसत, थोड्या वर्षांत मुळं झिजून गळून पडायचे. तिसरं, पोर्सेलिनचे कृत्रिम दात बाजारात आले. नैतिकतेचा मुद्दा त्यात फारसा नव्हता. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या हजारो तरुण सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेलेच.

मग दात रुजवायचं स्वप्न पुरं कसं झालं? परक्याचा दात सोडून दिला तेव्हा. १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रानेमार्क हा स्वीडिश डॉक्टर सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून भलताच प्रयोग करत होता. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेला तर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. टायटॅनियमला जीव नाही, म्हणून ते हवं तसं निर्जंतुक करता येतं. हंटरला जे परवडत नव्हतं ते इथे सुरुवातीलाच जमून जातं.

तरी जंतुसंसर्गाची ओळ कागदावरून गेलेली नाही, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तुमचा स्वतःचा दात हाडाला तंतूंनी बांधलेला असतो आणि हिरडीचे तंतू थेट त्याच्या मुळात रुतलेले असतात. त्यामुळे तोंडातली घाण आत उतरायला अडथळा असतो. इम्प्लांटला हिरडी नुसती बिलगून असते. तंतू त्याच्यात रुतत नाहीत, बाजूने जातात. मग तिथे साचलेल्या थरातल्या जीवाणूंना हाडाकडे जायचा रस्ता त्या मानाने मोकळा. आधी हिरडी लाल होते, ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई झाली तर ती परत सुधारते. दुर्लक्ष केलं तर पू येतो आणि भोवतालचं हाड झिजायला लागतं. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. धातूचा दात ठणकत नाही, त्यामुळे हाड बरंच गेल्यावर जाग येते. सिगारेट ओढणारे, ताब्यात नसलेला मधुमेह असणारे आणि ज्यांचे आधीचे दात हिरड्यांच्या रोगानेच पडले असे लोक, यांना धोका जास्त. टपरीवर उभं राहून आपल्याला काय होतंय असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगतोय. ऑपरेशनच्या वेळीही चूक होऊ शकते. अवजारं ऑटोक्लेव्हमधून नीट निघालेली नसली, किंवा भोक पाडताना ड्रिलवर पुरेसं पाणी न सोडल्याने हाड भाजलं, तर स्क्रू धरतच नाही. म्हणून अवजारं कशी निर्जंतुक करता, हे डेंटिस्टला विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला डेंटिस्ट उलट खूश होऊन दाखवेल.

दातांपुरतं पाहिलं तर हंटर खलनायक वाटेल, म्हणून बाकीचंही पाहायला हवं. १७७० मध्ये एकविशीचा एडवर्ड जेन्नर त्याच्या घरी राहून शिकायला आला. नुसता विचार करत बसू नको, करून बघ, हा धडा हंटरने त्याला पुढे आयुष्यभर पत्रांतून दिला. जेन्नरने गावाकडे जाऊन काय करून बघितलं, तर देवीची लस. तीही एका शरीरातून दुसऱ्या शरीरात गेलेल्या रोगाचीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूने. १७८५ मध्ये एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागची रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. तेव्हाचा सरळ उपाय म्हणजे पाय कापायचा. हंटरने मांडीत वरच्या बाजूला धमनी बांधली. बाजूच्या छोट्या वाहिन्या मोठ्या होऊन रक्त पोचवतील असा त्याचा अंदाज होता, आणि तसंच झालं. गाडीवाला स्वतःच्या दोन पायांवर घरी गेला. पुढे सव्वा वर्षाने तो तापाने वारला तेव्हा हंटरने त्याचा पाय मिळवून बरणीत ठेवला, हेही सांगायला हवं. या माणसाचं हे असंच होतं.

सगळं काही त्याला बरणीत हवं असायचं. अर्ल्स कोर्टच्या घरी त्याने बिबटे, म्हशी, कोल्हे पाळले होते. दोन बिबटे सुटले तेव्हा त्याने जाऊन हाताने धरून आणले आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्याला भोवळ आली. बायको ॲन कवयित्री. हायडनने तिच्या कवितांना चाली लावल्या. दिवाणखान्यात तिची गाण्याची मैफल आणि मागच्या बाजूला प्रेतं, असा संसार. सगळ्यात वाईट गोष्ट चार्ल्स बर्नची. हा साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुण स्वतःला दाखवून पैसे मिळवायचा. डॉक्टरांची नजर आपल्या हाडांवर आहे हे त्याला कळलं होतं. म्हणून मेल्यावर समुद्रात बुडवा, असं त्याने मित्रांना बजावून ठेवलं. १७८३ मध्ये तो बाविसाव्या वर्षी गेला. हंटरने पैसे चारून प्रेत पळवलं. १७८६ मध्ये रेनॉल्ड्सने हंटरचं तैलचित्र काढलं, त्यात वरच्या कोपऱ्यात त्या सांगाड्याचे पाय लोंबताना दिसतात. दोनशेहून जास्त वर्षं तो सांगाडा लोकांना दाखवला गेला. २०२३ मध्ये म्युझियम डागडुजीनंतर उघडलं तेव्हा तो मांडायचा नाही असं ठरलं. दात विकणाऱ्या पोरींना निदान पैसे तरी मिळाले होते, बर्नला त्याचा नकारही मिळाला नाही.

हंटरला छातीत कळ यायचा त्रास होता आणि राग आला की ती हमखास यायची. मला डिवचणाऱ्या कुठल्याही बदमाशाच्या हातात माझा जीव आहे, असं तो स्वतःच म्हणत असे. १६ ऑक्टोबर १७९३ ला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. तो तावातावाने बाहेर आला आणि शेजारच्या खोलीत कोसळला. मागे कर्ज होतं आणि तेरा-चौदा हजार नमुने. सरकारने ते १७९९ मध्ये पंधरा हजार पौंडांना घेतले. त्याचे लेखी कागद मेव्हणा एव्हरार्ड होम याच्याकडे गेले. त्यातून स्वतःच्या नावावर बरेच निबंध काढून झाल्यावर होमने १८२३ मध्ये कागद जाळून टाकले. विल्यम क्लिफ्ट हा हंटरचा तरुण मदतनीस शहाणा. त्याने बरीच पानं आधीच हाताने उतरवून ठेवली होती, म्हणून काही तरी उरलं. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने म्युझियमचा मोठा भाग गेला.

स्वतः हंटर सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरात पुरला होता. १८५९ मध्ये ते तळघर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा फ्रँक बकलंड नावाच्या सर्जनने त्याची शवपेटी शोधायचं मनावर घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस तो हजारो पेट्यांवरच्या पाट्या वाचत फिरला. पेटी सापडली ती अगदी शेवटी शेवटी. मार्चमध्ये ती वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये सन्मानाने हलवण्यात आली. त्या तळघरात काम करता करता बकलंड आजारी पडला आणि सगळा दोष तिथल्या कुबट हवेला दिला गेला. लिस्टरचं कार्बोलिक अजून आठ वर्षं लांब होतं.